शेपटीचा पंखा

४ सप्टेंबर १९७७, रविवार

दिवाळीला सर्जेदादा मुराळी म्हणून मला न्यायला येईल. त्याच्याबरोबर मी भोंगवलीला माहेरी जाईन आणि परत येणार नाही. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे मनाला फाटे फुटणार नाहीत.

लग्नाला चार महिने होत आले. यांनी मला कधी शिवी दिली नाही, हात उगारला नाही, ताटातल्या भाजीला नाव ठेवलं नाही. फक्त बोलत नाहीत. विचारलं तर कधी उत्तर येतं, कधी येत नाही. कालचंच घ्या. हे खिडकीशी तोंड करून दाढी करत होते. मी मागून विचारलं, "अहो, उद्या दुकान उघडणार का?" गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. भिंतीशी बोलणं परवडलं, ती निदान गालाला साबण तरी लावत बसत नाही.

आणि उत्तर द्यायचंच असेल तेव्हा आधी माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. माझा वरचा एक दात वाकडा आहे. त्यावरून कमळावहिनीनं मला माहेरी पुरेसं चिडवून घेतलंय, त्यात ही भर. म्हणून हल्ली यांच्याशी बोलताना मी पदर तोंडावर धरते. तर अजूनच कपाळाला आठ्या!

मध्यस्थ मामांकरवी दादानं स्थळ आणलं तेव्हा सगळं चांगलंच सांगितलं होतं. आनंदराव सणस, हवाई दलात हेलिकॉप्टरवर फिटर होते, आता पेन्शन, भोरला एसटी स्टँडजवळ पंप नि इंजिनं दुरुस्तीचं दुकान. पहिली बायको शालन वारून सात वर्षं झाली, मूलबाळ नाही. आईच्या आजारपणात माझं लग्नाचं वय निघून गेलेलं, एकोणतिशीच्या मुलीला याहून काय मिळणार! मी भोंगवलीच्या बालवाडीत शिकवत होते. तिथल्या बाईंनी माझी जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवलीय. वाकड्या दाताच्या बाईशी तीस पोरं दिवसभर बोलायची, एकालाही तो दिसला नाही.

आज पुण्याहून यांच्या जुन्या साहेबांनी टेम्पोतून एक लाकडी खोकं पाठवलं. आत हेलिकॉप्टर! खरं नव्हे, खेळण्यातलं म्हणावं तर तेही नव्हे. माझ्या दोन हातांएवढं लांब, आत इंजिन, आणि रेडिओच्या पेटीवरून चालणारं. साहेबांनी ते जर्मनीहून आणलं आणि पहिल्याच दिवशी शेपटी मोडून घेतली. आता यांनी ते नीट करायचं. खोकं उघडताना यांचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला. लग्नात माझ्याकडे बघताना तो असा नव्हता, एवढं मला नक्की आठवतंय.

७ सप्टेंबर

आज चक्क बोलले! तेही पुष्कळ.

रात्रीची जेवणं झाल्यावर कंदिलाच्या उजेडात ते खोकं मध्ये घेऊन समोरासमोर बसलो होतो. (दिवे गेले होते.) माझे दोन्ही हात शेपटी धरण्यात गुंतलेले, त्यामुळे पदर धरायला हात मोकळा नव्हता. मी म्हटलं, "हा शेपटीला चिमुकला पंखा कशाला? वारा घ्यायला?"

तर हसले. म्हणाले, "वरचा मोठा पंखा हिकडं फिरला, की खालचं सगळं अंग तिकडं फिराया बघतं. त्याला धरून ठेवायला हा ल्हान पंखा. ह्याची पाती जरा तिरकी करायची, म्हंजी शेपटीला बाजूनं ढकलतो. कमी ढकललं तर अंग एकीकडं गिरकी घेतं, जास्त ढकललं तर दुसरीकडं. बरोबर ढकललं तर नाक समोर राहतं."

"आणि बरोबर म्हणजे किती?"

"तेच तर शोधायचंय."

मग म्हणाले, वीस वर्षं दुसऱ्यांना उडवायला यंत्रं नीट करून दिली, स्वतःच्या हातानं एकदाही काही जमिनीवरनं उचललं नाही. हे तरी एकदा उचलायचंय. एवढं बोलून लाजले आणि कंदील नीट करायला वळले. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच विचारलं, "उडालं की मला आधी दाखवाल ना?"

उत्तर नाही. वळल्याबरोबर जणू दुकानाची फळी लावली. मी तशीच शेपटी धरून बसले.

संध्याकाळी नदीवर फिरायला जातो तेव्हाही एक तऱ्हा आहे. मी चुकून यांच्या उजव्या हाताला आले, की हे मुकाट्यानं वळसा घालून मला डाव्या हाताला घेतात. शेजारच्या ठकूबाई म्हणतात, "नवऱ्याच्या डावीकडंच बायकूची जागा असती, बाई." असेल. मला वाटतं उजवी बाजू शालनची असावी. मेलेल्या माणसाची जागा राखून ठेवणारा नवरा चांगलाच म्हणायचा, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी.

१८ सप्टेंबर, रविवार

आज परसात जी गंमत झाली ती लिहायलाच हवी.

शेपटीचं गणित जुळतंय का, हे उडवल्याशिवाय कसं कळणार? आणि जुळलं नसताना उडवलं तर पुन्हा मोडणार. यावर यांनी काढलेला तोडगा म्हणजे उत्रोलीच्या कोंडिबा कुंभाराचं जुनं चाक. बैलगाडीतून आणलं, परसात रोवलं, खुंटीला एरंडेल घातलं आणि वर हेलिकॉप्टर दोरीनं बरोब्बर मधोमध बांधलं. शेपटी बरोबर असेल तर चाक जागेवर राहील, नसेल तर फिरेल. मला मान्य करायला हवं, डोकं आहे.

कोंडिबा चाकाबरोबर आले होते. आधी चाकाला हात लावून नमस्कार केला, मग यांना म्हणाले, "म्या जन्मभर चाक फिरवाया शिकलो, आन् तुमाला ते फिरू द्यायचं न्हाई व्हय? उलटंच काम काढलंत की, आनंदराव!"

यांनी दोरी ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. एरंडेलाचा वास, निळा धूर, आणि पंखा तर नुसता दिसेनासा झाला. चाक हळूच हललं, मग फिरलं, मग असं गरगरलं की खालचा चिखल उडून ठकूबाईंच्या वाळवणावर. ठकूबाई भिंतीवरून ओरडल्या, "अगं सगुणा, मडकी घडवतायसा का माणसं मारतायसा?" कोंडिबा पोट धरून हसले, मीही. हे मात्र डोळे बारीक करून चाकाकडे बघत होते. मग इंजिन बंद करून शेपटीच्या तारेचा एक आटा फिरवला.

तारेचं असं आहे. रेडिओच्या पेटीवरची दांडी हलवली की हेलिकॉप्टरच्या पोटातलं यंत्र ही तार ओढतं, तार पाती तिरकी करते. तार आट्यानं लांब-आखूड करता येते. आता रोज तेच चालणार. गावानं याचं नाव भिंगरी ठेवलंय. मी मनात सवत ठेवलंय, मोजायला घेतलं तर दुसरी.

२९ सप्टेंबर

काल चाक जागचं हललं नाही, म्हणून हे खूश. रात्री तारेला रंगाचा ठिपका लावून ठेवला. आज तोच ठिपका, तीच तार, आणि चाक गरगर डावीकडे. उद्या बहुधा उजवीकडे. असं अकरा दिवस चाललंय. यांचं म्हणणं, तारेच्या खिट्टीत कुठंतरी खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे. खिट्टी तीनदा बदलून झाली.

मला वेगळंच वाटतं. इंजिनचा आवाज रोज वेगळा असतो. काल जाड होता, जात्यासारखा. आज बारीक, किंचाळल्यासारखा. इंजिनच्या तोंडाशी एक सुई आहे, ती फिरवून हे तेल कमी-जास्त करतात, त्यावर आवाज बदलतो. पंखा जास्त पळाला तर शेपटीनंही वेगळं ढकलायला नको का? मला यातलं काही कळत नाही, पण आवाज कळतो.

मी शेजारी उभी राहून सांगितलं. दोनदा सांगितलं. यांनी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा सांगायला माझ्यातही काही मान शिल्लक आहे की नाही! आत येऊन तांदूळ निवडत बसले. अडाणी बाई इंजिनातलं काय सांगणार, असंच असेल.

६ ऑक्टोबर

पाय सुजलाय. सकाळी आडावर शेवाळावरून घसरले. घागर गेली, मी दगडावर आदळले. हे परसातच होते, आडाकडे पाठ करून पातं घासत बसलेले. गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकाएवढं अंतर. मी हाक मारली. "अहो, पडले मी!" म्हणून जीव खाऊन ओरडले. हे पातं घासत राहिले.

माझी हाक ऐकून भिंतीपलीकडून ठकूबाई आल्या. त्या माझ्याजवळ वाकल्या तेव्हा यांनी सहज वळून पाहिलं, आणि मग काय विचारता! हातातलं पातं फेकून धावत आले. तोंड पांढरंफटक. मला उचलून आत नेलं, हळद-तेल गरम केलं, स्वतः पायाला लावलं, दुकान उघडलं नाही. दुपारी ठकूबाईंनी आणलेली भाकरी मोडून दुधात कुस्करून दिली. सारखं म्हणत होते, "म्या हितंच हुतो की गं. म्या हितंच हुतो."

तेच तर. तिथंच होते, आणि हाकेला आले नाहीत. मी दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. रडले. एवढी माया हातात असलेला माणूस हाकेला का येत नाही, हे मला या जन्मी कळायचं नाही. बरं झालं दिवाळी जवळ आली.

खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. दुकानातले पाने, हातोडे, आरी सगळं धुऊन मांडलं. यांच्या हवाई दलातल्या पेटीला झेंडूची माळ. आणि चाकावर भिंगरी. मला तिचा राग येतो, पण सणाच्या दिवशी कुणाला उपाशी ठेवू नये. मी तिला हळद-कुंकू वाहिलं. ओलं कुंकू करून बोटानं एक ठसठशीत टिळा लावायचा म्हटलं, तर लावायचा कुठं? मोठा पंखा माळेखाली झाकलेला, काच नंतर पुसायला जड. शेपटीच्या छोट्या पंख्याचं एक पातं समोर होतं, त्यावर लावला. छान दिसला.

२५ ऑक्टोबर

माझ्यासारखी शहाणी मीच.

दसऱ्यापासून हेलिकॉप्टरची शेपटी थरथरत होती. आधी कधी नव्हती. इंजिन लागलं की शेपटी हिवतापासारखी कापायची, दोनदा खिळा निसटला. यांनी शेपटी उकलली, जोडली, पुन्हा उकलली. जेवायला बसले तरी बोटं ताटाच्या काठावर काहीतरी चाचपत. मला काय माहीत!

आज सकाळी चहा घेऊन गेले तर हे छोटा पंखा काढून दाभणावर तोलत बसलेले. दाभण आडवं धरून पंखा मधल्या भोकात अडकवला, की एक पातं सारखं खाली येई. फिरवलं तरी तेच पातं खाली. यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. माझं कुंकू! वाळून खपली झालेलं. एवढ्याशा पात्याला, इतक्या जोरात फिरताना, तेवढंही जड होतं म्हणे.

आता खरडणार, आणि मला दोन शब्द ऐकवणार, असं धरून चालले होते. शालननं कधी असा घोळ घातला नसेल.

यांनी नख लावलं, मग थांबले. उठून देवघरात गेले, कुंकवाचा करंडा आणला, पाण्याचा थेंब घातला आणि दुसऱ्या पात्यावर तेवढाच टिळा लावला. तोलून पाहिला. जरा कमी भरला, म्हणून वर अजून बोट टेकवलं. पंखा आडवा झाला आणि तसाच राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता दोघी सारख्या."

चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. मी आत येऊन चुलीपुढे उगीचच लाकडं सारत बसले. दिवाळीला जायचं ठरलंय. ठरलेलं आहे, म्हणून लिहितेय.

२९ ऑक्टोबर

आज मला सगळं कळलं.

शेपटी थरथरायची थांबली, पण चाकाचं तेच. सकाळी पुन्हा गरगरलं. इंजिन कालच्यापेक्षा बारीक ओरडत होतं, ठकूबाईंच्या म्हशीलाही कळलं असेल. मला राग आला. मी चाकाच्या पलीकडे, यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि इंजिन बंद झाल्याबरोबर म्हणाले, "काल जाड आवाज, आज बारीक, रोज निराळा. शेपटी काय करंल मग? तुमाला ऐकू येत न्हाई का?"

आपण रागानं बोलतो तसंच बोलले. पण यांच्या हातून पाना पडला. चेहरा असा झाला, जसा मी बालवाडीत पाहिलेला आहे. पोरानं चड्डीत केलेलं बाईंच्या ध्यानात येतं तेव्हाचा. यांनी खाली वाकून पाना शोधला, तो समोरच पडलेला असताना पुष्कळ वेळ शोधला.

दिवसभर तो चेहरा डोळ्यांपुढून जाईना. संध्याकाळी हे ओट्यावर कानस चालवत बसले होते. मी मागून उजव्या बाजूनं गेले. हातभर अंतरावर उभी राहून म्हणाले, "अहो." कानस चालू. "अहो, घराला आग लागली." कानस चालू. शेवटी म्हणाले, "सगुणा निघाली, कायमची निघाली." कानशीचा एक फटकाही चुकला नाही. पलीकडून ठकूबाईंच्या म्हशीनं जाड आवाजात हंबरडा फोडला, तेव्हा मात्र मान हलली.

मी स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकले. उजवा कान साफ गेलेला. डाव्याला जाड आवाज तेवढे येत असावेत, आणि माझा आवाज तर असा बारीक की शाळेत मला कोकिळाबाई म्हणत. तोंडाकडे बघतात ते ओठ वाचायला. आणि मी तोंडावर पदर धरत होते! सहा महिने एका बहिऱ्या माणसापुढे मी दार लावून बोलले आणि मग उत्तर येत नाही म्हणून रडले. डावीकडे घेतात ते शालनसाठी नाही. माझ्यासाठी. मी काय म्हणते ते ऐकू यावं म्हणून.

आधी मला राग आला, तोही लिहिते. फसवलं मला. मध्यस्थ मामांनी सांगितलं नाही, यांनी सांगितलं नाही. दादाला कळलं तर तो दारात उभा राहून तमाशा करेल आणि त्याचं चुकणार नाही. आडाजवळची हाक आठवली आणि राग तिथंच अडकला. म्या हितंच हुतो, म्हणत होते. त्यांनी स्वतःला किती शिव्या दिल्या असतील.

भात वाढला. समोर बसले, पदर खांद्यावर नीट खोचला आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे ना?" यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "व्हय, बरोबर आहे," म्हणाले. वाकडा दात पूर्ण दिसला असणार. दिसू दे.

३१ ऑक्टोबर

काल आणि आज चाकापाशी मी समोर उभी राहते. काही ठरवलं नाही, सांगितलं नाही. इंजिन बारीक ओरडलं की मी हात वर नेते, जाड झालं की खाली. यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुसते बघत राहिले. मग सुई थोडी फिरवली. आवाज उतरला, मी हात उतरवला. अजून थोडी. मी हात छातीशी आणून स्थिर धरला. खऱ्या हेलिकॉप्टरात याला काटे असतात, घड्याळासारखे, असं मागे एकदा म्हणाले होते. तिथं कानाचं काम पडत नसेल.

दोन्ही दिवशी एकच आवाज धरला आणि मग तारेचा आटा फिरवला. आज चाक डावीकडे जरासं सरकलं, अर्धा आटा दिला, उजवीकडे सरकलं, त्याच्या अर्धा मागे घेतला. चाक थांबलं. इंजिन चालू, पंखा भिरभिरतोय, आणि चाक देवळातल्या कासवासारखं जागच्या जागी. पुन्हा बंद करून पुन्हा लावलं, मी हात छातीशी आणला, चाक पुन्हा जागेवर.

हे माझ्याकडे बघत होते. मला माहीत आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला. दोघांनी एकमेकांना तोंडानं काही सांगितलं नाही. मला भीती वाटते. आता जायचं म्हटलं तर कशावरून जाऊ, हेच कळेना झालंय. आणि राहायचं म्हटलं तर हा माणूस मला राहा म्हणालेला नाही.

धनत्रयोदशी

दादा सकाळच्या एसटीनं आला. कमळावहिनीनं चिवडा दिलाय, आणि निरोप, की बालवाडीच्या बाई वाट बघतायत. माझी पिशवी मी काल भरून ठेवली होती. का भरली ते विचारू नये. दोनदा उपसून पुन्हा भरली.

आजच उत्रोलीच्या कापलेल्या भातखाचरात हेलिकॉप्टर उडवायचं ठरलं होतं. म्हटलं, दादा, आधी तिथं चल, मग निघू. कोंडिबा आले, ठकूबाई आल्या. वाटेत हे पुढे, दादा यांच्या उजव्या अंगाला. दादा मोठ्या रीतीनं म्हणाला, "दाजी, पहिली दिवाळी हाय. सगुणीला आज नेतो, तुमी पाडव्याला या. तुमचं काय म्हननं?"

हे चालत राहिले.

दादानं पुन्हा विचारलं. हे समोर बघत चालत राहिले. दादाचं तोंड लाल झालं. तो मागे येऊन मला म्हणाला, "ह्यो कसला माज म्हनायचा? मेव्हन्याला साधं उत्तर न्हाई? असंच वागत्यात व्हय तुज्यासंगं? खरं सांग, सगुणे. तू नुसतं म्हन, आजच पिशवी घेऊ आन् जाऊ. पुन्हा ह्या दारात पाय नगं."

इतके महिने मी याच वाक्याची वाट बघितली होती. कुणीतरी विचारावं म्हणून. आता दादानं विचारलं, तेही भर रस्त्यात, ठकूबाई कान टवकारून असताना. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं.

मी म्हणाले, "दादा, त्यांनी कधीच व्हय म्हटलं. तूच ऐकलं न्हाईस."

"आँ? कधी?"

"आत्ताच की. तुझं लक्ष कुठं हुतं? एसटीच्या आवाजानं कान बसलेत तुझे."

दादा कानात बोट घालून हलवायला लागला. मला हसू आवरेना आणि रडूही. मी पावलं उचलून पुढे गेले, यांच्या डाव्या हाताला आले, आणि तोंड वर करून सगळं सांगितलं, दादा काय म्हणाला ते. हे मागे वळले, दादाला हात जोडले आणि म्हणाले, "येनार की, सर्जेराव. मानानं बोलावताय, न येऊन कसं चालंल?" दादा विरघळला.

खाचरात कोंडिबांनी ढेकळं बाजूला केली. हेलिकॉप्टर ठेवलं, इंजिन लागलं. मी समोर जाऊन उभी राहिले. हात वर. थोडा खाली. छातीशी. यांनी पेटीवरची दांडी केसभर पुढे सारली. भाताचे बुडखे थरथरले, धूळ उडाली, आणि ते उचललं. वीतभर. मग हातभर. नाक यांच्याकडेच राहिलं, इकडे नाही, तिकडे नाही. कोंडिबा टोपी काढून उभे. ठकूबाई म्हणाल्या, "अगं बया!" दादा तर पोरासारखा टाळ्या पिटायला लागला.

मी हेलिकॉप्टरकडे बघितलंच नाही. यांच्याकडे बघत होते. हेही पंख्याकडे बघत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते.

खाली उतरवलं, अलगद. दादा म्हणाला, "चल सगुणे, दुपारची एसटी चुकंल." मी म्हणाले, "तू हो पुढं. आमी दोघं पाडव्याला येतो. वहिनीला सांग, बाईंना म्हणावं दुसरं कुणी बघा." दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला आणि गेला. तो चांगला आहे.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली. यांनी ती पाहिली. भरलेली होती हे कुणालाही कळलं असतं.

"तुला कधी कळलं?" यांनी विचारलं. बघत मात्र जमिनीकडे होते.

मी समोर जाऊन बसले, त्यांना दिसेल अशी. "दसरा झाल्यावर."

मग हळूहळू बोलले. इंजिनांच्या आवाजानं उजवा कान एकाहत्तरातच गेला, डावा जातोय. मामा म्हणाले, लग्न होईपर्यंत बोलू नका. लग्न झाल्यावर रोज सांगायचं ठरवायचे, आणि रोज मी तोंड झाकून बोलायची, म्हणून यांना वाटायचं, हिला आपल्याशी बोलायचंच नाही. "तू जानार हे म्या धरूनच चाललो हुतो. भिंगरी आधी उडावी एवढंच वाटायचं. तुला दाखवायची हुती."

मी त्यांचा हात धरला. एरंडेलाचा वास येत होता.

"म्हंजी सहा म्हैने," ते म्हणाले, "तू बोलत हुतीस, आन् म्या ऐकलं न्हाई?"

"लई बोलले."

त्यांनी पाट ओढला आणि माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. डोळे माझ्या ओठांवर. "सांग. पयल्यापासून सगळं सांग."

"आता?"

"आत्ता."

कुठून सुरू करावं कळेना. मग आठवलं. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं होतं, तुमाला भात आवडतो का भाकरी?"

त्यांनी विचार केला, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "भाकरी."

सहा महिने हा माणूस मुकाट्यानं दोन्ही वेळा भात जेवतोय. मी पदर कमरेला खोचला आणि पुढचं सांगायला घेतलं.